विझार्डची टर्न आली की खेळ अडतो: वही, तयारी आणि स्लॉट यांचा गुंता

"माझा फायरबॉल संपला."

खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पाचव्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे वहीतून शिकलेले मंत्र (स्पेल) टाकणारा जादूगार. तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट, म्हणजे एक स्पेल टाकण्यापुरती शक्ती, अजून शाबूत. समोर दाटीवाटीने उभे सात गॉब्लिन. आणि खेळाडू म्हणतोय, फायरबॉल संपला. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. मी मान डोलावली, त्याने फायर बोल्ट या छोट्या स्पेलवर भागवलं, एक गॉब्लिन पडला आणि उरलेले सहा त्याच्या अंगावर आले. असं तीन सेशन चाललं. चौथ्या वेळी रोग (चोराच्या धाटणीचं पात्र) खेळणारी मुलगी म्हणाली, "संपला म्हणजे? स्पेल संपतो का कधी?" त्यानंतर पाऊण तास कुणी फाशांना हात लावला नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या ज्या ज्या टेबलावर मी बसलोय, तिथे विझार्डवरून होणारी भांडणं फिरून फिरून त्याच चार-पाच जागी येऊन ठेपतात. बार्बेरियनच्या (रांगड्या लढवय्याच्या) टर्नला कुणी नियम उघडत नाही. विझार्डच्या टर्नला सगळे उघडतात आणि प्रत्येकाला वेगळं पान सापडतं. म्हणून आमच्या टेबलावर काय काय चुकत होतं आणि ते कसं सुटलं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच निघालं: तीन वेगवेगळे आकडे आम्ही एकच समजत होतो.

आधी नियम कुठल्या सालचे ते ठरवा

हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो, पण निम्मे वाद इथेच मिटतात. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. नावं तीच, स्पेल तेच, पण विझार्डच्या बाबतीत काही ठिकाणी उत्तर चक्क उलटं येतं. एकाच्या हातात जुनं पुस्तक, दुसऱ्याच्या फोनवर नवे नियम, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. मोहीम सुरू करतानाच साल ठरवून टाका. खाली जिथे फरक पडतो तिथे दोन्ही सांगितलं आहे.

त्याहून जुना एक घोटाळा आहे आणि आमच्या फायरबॉलचं कोडं त्यातलंच होतं. आमच्या विझार्डला हा खेळ ज्याने शिकवला, तो २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीवर वाढलेला. त्या पद्धतीत विझार्ड सकाळी प्रत्येक स्लॉटमध्ये एकेक स्पेल बसवायचा. फायरबॉल दोनदा टाकायचा असेल तर दोन स्लॉटमध्ये दोनदा बसवायचा. टाकला की त्या दिवसापुरता तो गेला. १९७४ च्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून ही कल्पना चालत आलेली. पाचव्या आवृत्तीने ती मोडली. पण शिकवणाऱ्याच्या तोंडून जुनी पद्धत अजूनही नव्या खेळाडूंच्या कानावर जाते, आणि शब्द तेच असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

वहीत किती, तयार किती, टाकायचे किती

आमचाच विझार्ड घेऊ. पाचवी लेव्हल, इंटेलिजन्स १८, म्हणजे त्यातून निघणारा बोनस (मॉडिफायर) +४.

त्याच्या वहीत (स्पेलबुकात) पहिल्या लेव्हलला सहा स्पेल आले. पुढच्या प्रत्येक लेव्हलला फुकट दोन. चार वेळा लेव्हल वाढली, म्हणजे आठ. एकूण १४. वाटेत कुणाची वही सापडली, स्क्रोल (स्पेल लिहिलेली गुंडाळी) मिळाला, तर त्यात भर. वहीत किती असावेत याला वरची मर्यादा नाही.

त्या १४ पैकी आज तयार किती? २०१४ च्या नियमाने इंटेलिजन्सचा मॉडिफायर अधिक विझार्डची लेव्हल: ४ + ५ = ९. २०२४ मध्ये मॉडिफायरचा हिशोब काढून टाकला आहे आणि तक्त्यात थेट आकडा दिलाय. पाचव्या लेव्हलला तोही ९ च. ही यादी लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) बदलता येते.

आणि स्लॉट? पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. बेरीज करा.

नऊ.

इथेच माशी शिंकली. नऊ स्पेल तयार, नऊ स्लॉट. आमच्या खेळाडूला त्याचा मित्र म्हणाला होता की तयार केलेला स्पेल टाकला की गेला, आणि कागदावरचे आकडेही तेच सांगत होते! त्याने नऊ नावांपुढे नऊ चौकटी आखल्या आणि स्पेल टाकला की चौकटीवर फुली मारायला लागला. मीही कागद बघितला होता, हिशोब जुळतोय म्हणून परत दिला. पाचव्या लेव्हलला, १८ इंटेलिजन्सला हा योगायोग होतो. पहिल्या लेव्हलला तो झाला नसता, कारण तिथे तयार साधारण चार आणि स्लॉट फक्त दोन. आम्ही मोहीम पाचव्या लेव्हललाच सुरू केली होती, त्यामुळे पाय मोडून बसलो.

आता मी असं समजावतो. वही म्हणजे घरातलं हत्यारांचं कपाट. तयार यादी म्हणजे आज कामावर नेलेली पेटी. स्लॉट म्हणजे अंगातला दम. पान्हा एकदा वापरला म्हणून नाहीसा होत नाही. पेटीत आहे तोवर तो शंभर वेळा काढा. संपतो तो तुमचा दम. आणि जो पान्हा कपाटातच राहिला, त्याचा दम कितीही असला तरी उपयोग शून्य.

म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट फायरबॉललाच घालायचे तर घाला. दोन्हींतून हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) टाका. एक इकडे, एक तिकडे करा. आणि तिसऱ्या लेव्हलचा फक्त फायरबॉल तयार करून बाकी आठही जागा खालच्या लेव्हलच्या स्पेलना दिल्या तरी नियमाला काही वाटत नाही. कुठल्या लेव्हलचे किती तयार करायचे यावर बंधन नाही; अट एवढीच की त्या लेव्हलचा स्लॉट तुमच्याकडे असला पाहिजे.

कँट्रिप्स, म्हणजे फायर बोल्टसारखे छोटे स्पेल, या तिन्ही हिशोबांच्या बाहेर आहेत. त्या वहीत लिहाव्या लागत नाहीत, तयार कराव्या लागत नाहीत, स्लॉट खात नाहीत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला चार मिळतात. २०१४ च्या मूळ नियमात एकदा निवडलेली कँट्रिप गळ्यात पडली ती पडलीच. २०२४ मध्ये लाँग रेस्टनंतर एक बदलता येते.

"लेव्हल" या एका शब्दाने केलेला घात

"मी चौथ्या लेव्हलचा झालो, आता मला चौथ्या लेव्हलचे स्पेल द्या." हे ज्याने ऐकलं नाही असा डीएम मला भेटायचाय.

पात्राची लेव्हल एक ते वीस. स्पेलची लेव्हल एक ते नऊ. दोन्हींना शब्द एकच, आणि हा दोष खेळाच्या जन्मापासूनचा आहे. विझार्डला पहिल्या लेव्हलला पहिल्याचे, तिसऱ्या लेव्हलला दुसऱ्याचे, पाचव्या लेव्हलला तिसऱ्याचे, सातव्याला चौथ्याचे, असे दर विषम लेव्हलला वरचे स्पेल उघडतात. सतराव्याला नवव्या लेव्हलचे. म्हणजे चौथ्या लेव्हलच्या विझार्डचा सगळ्यात मोठा स्पेल दुसऱ्या लेव्हलचा. आमच्या टेबलावर मी स्पेलच्या बाबतीत "लेव्हल" म्हणणं सोडून "इयत्ता" म्हणायला लागलो. पहिले दोन दिवस सगळे हसले. मग सगळेच तिसऱ्या इयत्तेचा फायरबॉल म्हणायला लागले, आणि हा वाद परत आला नाही.

स्लॉटलाही इयत्ता असते. लहान स्पेल मोठ्या स्लॉटमधून टाकता येतो, मोठा स्पेल लहान स्लॉटमधून कधीच नाही. मॅजिक मिसाइल पहिल्याच्या स्लॉटमधून टाकला तर तीन बाण, प्रत्येकी १डी४+१ डॅमेज (चार बाजूंचा एक फासा, अधिक एक). तिसऱ्याच्या स्लॉटमधून टाकला तर पाच बाण. फायरबॉल मुळात ८डी६, चौथ्याच्या स्लॉटमधून ९डी६. पण प्रत्येक स्पेल असा वाढत नाही. शील्ड दुसऱ्याच्या स्लॉटमधून टाकला तरी आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) +५ च वाढतो. पहिल्याचे सगळे स्लॉट संपले असतील आणि जीव वाचवायचा असेल तर तेही चालतं; मोठा स्लॉट खर्ची पडला एवढंच.

कँट्रिपची वाढ मात्र स्लॉटवर नाही, पात्राच्या एकूण लेव्हलवर: पाच, अकरा आणि सतरा. फायर बोल्ट १डी१० चा पाचव्याला २डी१० होतो. एकूण लेव्हल म्हणतोय, कारण तीन लेव्हल विझार्ड आणि दोन लेव्हल क्लेरिक (पुजारी) असा मल्टिक्लास असेल तरी २डी१० च. याच माणसाला स्लॉट पाचव्या लेव्हलच्या स्पेल टाकणाऱ्यासारखे मिळतात, तिसऱ्या इयत्तेचे दोन धरून, पण फायरबॉल वहीत लिहिता येत नाही, कारण विझार्ड म्हणून तो फक्त तिसऱ्या लेव्हलचा आहे. ते दोन स्लॉट त्याने लहान स्पेल वाढवून टाकायला वापरायचे. मल्टिक्लास करणाऱ्याला हे आधी सांगा. नंतर सांगितलं तर तो तुमच्याशी बोलणार नाही.

रिच्युअल: जिथे वरचा नियम मोडतो

तयार नसलेला स्पेल टाकता येत नाही, असं मी वर ठामपणे सांगितलं. त्याला एक अपवाद आहे आणि तो विझार्डची खासियत आहे. ज्या स्पेलपुढे रिच्युअल असं लिहिलंय, तो वहीत असला की पुरे. तयार नसला तरी वही समोर धरून विझार्ड तो टाकू शकतो, आणि स्लॉटही जात नाही. किंमत फक्त वेळेची: नेहमीच्या वेळेवर आणखी दहा मिनिटं. आयडेंटिफायला एक मिनिट लागतं, तर रिच्युअल म्हणून अकरा. फाइंड फॅमिलियरला तास लागतो, तर एक तास दहा मिनिटं.

आमचा विझार्ड डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय आणि अलार्म हे तिन्ही रोज तयार करून बसायचा. नऊतल्या तीन जागा गेल्या! त्या मोकळ्या केल्यावर त्याला अचानक मिस्टी स्टेप, वेब आणि मिरर इमेज घ्यायला जागा मिळाली, आणि मी रचलेल्या पुढच्या दोन चकमकी त्याने पोरखेळ करून टाकल्या. माझी तक्रार नाही. थोडी आहे.

अट लक्षात ठेवा: लढाई सुरू असताना रिच्युअल नाही. दहा मिनिटं म्हणजे शंभर राउंड, लढाईतल्या शंभर फेऱ्या. आणि रिच्युअल म्हणून टाकलेला स्पेल मोठ्या स्लॉटने वाढवता येत नाही, कारण तिथे स्लॉटच नसतो.

२०१४ मध्ये क्लेरिक किंवा ड्रुइडला रिच्युअलसाठीही स्पेल तयार ठेवावा लागतो. २०२४ मध्ये रिच्युअल टाकायची मुभा सगळ्याच स्पेल टाकणाऱ्यांना दिली आहे, पण तयार असण्याच्या अटीवर. वहीतून थेट टाकण्याची सवलत विझार्डचीच.

आर्केन रिकव्हरी, थोडक्यात

विझार्डच्या या सोयीने शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) काही स्लॉट परत येतात. किती? विझार्डच्या लेव्हलच्या निम्मे, अपूर्णांक वर ओढून. पाचव्या लेव्हलला तीन. पण हे तीन स्लॉट नव्हेत, तीन "इयत्ता" आहेत: तिसऱ्याचा एक, किंवा दुसऱ्याचा एक आणि पहिल्याचा एक, किंवा पहिल्याचे तीन. सहाव्या इयत्तेचा किंवा वरचा स्लॉट असा परत मिळत नाही. दिवसातून एकदाच. दर शॉर्ट रेस्टला नाही. हे वाक्य मी आमच्या खेळाडूच्या कागदावर माझ्या हाताने लिहिलंय.

एका टर्नला दोन स्पेल चालतात का?

इथे खरा चिखल आहे, कारण २०१४ आणि २०२४ ची उत्तरं जुळत नाहीत.

२०१४ चा नियम बोनस ॲक्शनला, म्हणजे टर्नमधल्या मुख्य ॲक्शनखेरीजच्या छोट्या कृतीला, धरून आहे. टर्नमध्ये बोनस ॲक्शनने कुठलाही स्पेल टाकला, तर त्याच टर्नमध्ये दुसरा फक्त एक ॲक्शन लागणारी कँट्रिप टाकता येते. मिस्टी स्टेपने उडी मारून फायर बोल्ट: चालेल. मिस्टी स्टेपने उडी मारून फायरबॉल: नाही. यात लोक दोन गोष्टी विसरतात. एक, क्रम महत्त्वाचा नाही. आधी फायरबॉल टाकून मग मिस्टी स्टेप म्हटलं तरी नाहीच. दोन, बोनस ॲक्शनचा स्पेल नसेल तर हा नियम लागूच होत नाही. फायरबॉल टाकला, मग शत्रूजवळून सरकताना त्याने संधी साधून वार केला आणि विझार्डने रिॲक्शनने (झटक्यात दिलेल्या प्रत्युत्तराने) शील्ड टाकला, तर २०१४ मध्ये ते पूर्ण कायदेशीर आहे.

२०२४ चा नियम सोपा आहे: एका टर्नमध्ये स्लॉट खर्च करून एकच स्पेल. बोनस ॲक्शन, रिॲक्शन, काहीही असो. मिस्टी स्टेप आणि फायरबॉल इथेही नाही. पण वरचं शील्डचं उदाहरण इथे बाद होतं, कारण ती टर्न अजून विझार्डचीच आहे आणि तिच्यात एक स्लॉट खर्च झालेला आहे. शत्रूची टर्न सुरू झाली की शील्ड खुशाल टाका. ती वेगळी टर्न.

आमच्या टेबलावर इथे "राउंड" आणि "टर्न" यांची गल्लत होत होती. राउंडमध्ये सगळ्यांची एकेक टर्न येते. नियम टर्नबद्दल बोलतो. शत्रूच्या टर्नला टाकलेला शील्ड विझार्डच्या स्वतःच्या टर्नचा कोटा खात नाही. त्याची रिॲक्शन मात्र जाते, आणि ती पुढची टर्न सुरू झाल्याशिवाय परत येत नाही. म्हणजे शील्ड टाकला असेल तर त्याच फेऱ्यात काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणारा स्पेल) नाही. स्लॉट ढीगभर असले तरी नाही.

काउंटरस्पेलचा विषय निघालाच आहे तर: २०१४ मध्ये समोरचा स्पेल तिसऱ्या इयत्तेचा किंवा खालचा असेल तर तो आपोआप विरतो, वरचा असेल तर काउंटर करणाऱ्याने १० अधिक त्या स्पेलच्या इयत्तेएवढ्या आकड्यावर फासा टाकायचा. २०२४ मध्ये स्पेल टाकणाऱ्यानेच कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराच्या चिवटपणावर बचावाचा फासा) टाकायचा. सेव्ह फसला तर स्पेल विरतो, पण त्याचा स्लॉट जात नाही. माझ्या मते हा बदल चांगला आहे. मोठा स्लॉट हवेत गेल्यावर खेळाडूचा चेहरा बघवत नाही.

कॉन्सन्ट्रेशन

काही स्पेल चालू ठेवायला सतत लक्ष धरून ठेवावं लागतं. नियम एका ओळीचा: कॉन्सन्ट्रेशन लागणारा एकच स्पेल एका वेळी. दुसरा तसा टाकला की पहिला त्याच क्षणी संपला. वेगळा, कॉन्सन्ट्रेशन न लागणारा स्पेल टाकला, हल्ला केला, पळाला, तर काही बिघडत नाही. नवे खेळाडू यात उगाच घाबरतात. वेब धरून ठेवून फायरबॉल टाकणारा विझार्ड नियम मोडत नाही, तो आपलं काम नीट करतोय. (वेबच्या जाळ्याला आग लागते, हा त्याचा प्रश्न.)

गफलत होते ती कुठल्या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लागतं हे माहीत नसल्याने. हेस्ट, फ्लाय, इन्व्हिजिबिलिटी, वेब, हिप्नॉटिक पॅटर्न यांना लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. डिटेक्ट मॅजिकलाही लागतं, हे फार कमी जणांना. मेज आर्मर आठ तास टिकतो तरी त्याला लागत नाही. मिरर इमेजलाही नाही.

मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. आकडा १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा तो. १४ डॅमेज झालं तर निम्मे ७, म्हणून १०. २६ झालं तर १३. दोन वेगळ्या हल्ल्यांत मार बसला तर दोन वेगळे सेव्ह, एकूण बेरजेवर एक नाही. बेशुद्ध पडला किंवा इनकॅपॅसिटेटेड (काहीही करायला असमर्थ) झाला तर सेव्हही नाही, स्पेल गेलाच.

एक छुपा सापळा: रेडी. "तो दारातून आत आला की फायरबॉल," असं म्हणून ॲक्शन राखून ठेवली, तर स्लॉट तेव्हाच गेला आणि स्पेल धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन लागलं. म्हणजे आधी चालू असलेला हेस्ट तुटला. आणि हेस्ट तुटला की ज्याच्यावर होता तो फायटर एक अख्खी टर्न गळून उभा राहतो, ना हलता येत, ना काही करता येत. आमच्याकडे हे ट्रोलसमोर घडलं. फायटर अजून तो विषय काढतो.

वाद झालाच तर या क्रमाने विचारा

मी आता टर्नच्या मध्ये नियम उघडत नाही. आधी विचारतो, स्पेल आजच्या तयार यादीत आहे का? नसेल तर, वहीत आहे आणि रिच्युअल आहे आणि दहा मिनिटं आहेत का? असेल तर, त्या इयत्तेचा किंवा वरचा स्लॉट उरलाय का? या टर्नला आधी स्पेल टाकलाय का? आत्ता कशावर कॉन्सन्ट्रेशन चालू आहे? इथपर्यंत आलं की बहुधा खेळाडूलाच उत्तर मिळतं. उरलाच तर साहित्याचा प्रश्न: फोकस (जादूची काठी वगैरे) किंवा कंपोनंट पाउच (साहित्याची पिशवी) असेल तर साधं साहित्य माफ, पण ज्याची किंमत लिहिली आहे ते खरोखर जवळ असलं पाहिजे. आयडेंटिफायला १०० सोन्याच्या नाण्यांचा मोती लागतो. तो खर्च होत नाही, एकदा घेतला की झालं. फाइंड फॅमिलियरची १० नाण्यांची धूप-सामग्री मात्र दर वेळी जळते.

इव्होकर (विध्वंसक स्पेलांत तरबेज विझार्ड) असेल तर एक जास्तीचा प्रश्न येतो, स्कल्प्ट स्पेल्सचा. किती मित्र वाचतील? एक अधिक स्पेलची इयत्ता. फायरबॉलला चार. ते दिसले पाहिजेत, आणि त्यांचा सेव्ह आपोआप पार पडून त्यांना डॅमेज शून्य. या चौघांत विझार्ड स्वतः धरता येत नाही. नियमात "इतर" असा शब्द आहे. स्वतःच्याच पायाशी फायरबॉल टाकणारा भाजतो.

आणि फुल्या मारायचा तो कागद आम्ही फाडला. आता स्लॉटसाठी टेबलावर काचेच्या गोट्या ठेवतो: चार पांढऱ्या, तीन हिरव्या, दोन लाल. स्पेल टाकला की गोटी माझ्याकडे. स्पेलच्या नावापुढे काहीच खूण करायची नाही. नऊ नावांची यादी वेगळ्या कार्डावर, पेन्सिलने, कारण ती लाँग रेस्टला बदलते. वहीची १४ नावं तिसऱ्या कागदावर, शाईने. तीन आकडे तीन ठिकाणी दिसायला लागले आणि "संपला" हा शब्द टेबलावरून गेला.

वहीत भर घालताना

शेवटचा अडखळा. नवा स्पेल सापडला की तो वहीत उतरवायला इयत्तेमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. तिसऱ्या इयत्तेचा असेल तर सहा तास, १५० नाणी. स्क्रोलवरून उतरवत असाल तर आर्कानाचा (जादूच्या ज्ञानाचा) फासा लागतो, १० अधिक इयत्ता, आणि फसला तरी स्क्रोल नष्ट होतो. यशस्वी झाला तरी नष्ट होतो. क्लेरिकच्या यादीतला स्पेल विझार्डच्या यादीत नसेल तर तो उतरवता येत नाही. हे सांगितल्यावर आमच्याकडे क्युअर वुंड्सचा एक स्क्रोल पुन्हा पिशवीत गेला.

आणि वही हरवली तर? त्या दिवशी तयार असलेले स्पेल डोक्यात राहतात, टाकताही येतात आणि नव्या वहीत लिहिताही येतात. बाकीचे गेले. म्हणून शहाणा विझार्ड दुसरी प्रत करून ठेवतो, आणि आपल्याच वहीची प्रत स्वस्त पडते: इयत्तेमागे एक तास आणि दहा नाणी. आमच्या विझार्डच्या १४ स्पेलचा हिशोब आम्ही मांडला. पहिल्या इयत्तेचे आठ, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे दोन, म्हणजे ८ + ८ + ६ = २२. बावीस तास, २२० नाणी.

त्याने पैसे मोजले, तीन दिवस सरायमध्ये बसून प्रत पूर्ण केली. आता ती दुसरी वही कुणाच्या पिशवीत ठेवायची यावर चर्चा चालू आहे. रोगने हात वर केलाय. विझार्ड अजून विचार करतोय.